आमसुलाचं सार आणि जांभळी नळी

बाई, आज नव्या मुलींना तुमचा तो जांभळा प्रयोग दाखवला. डीपीपीएच या रसायनाचं गडद जांभळं द्रावण, त्यात क जीवनसत्त्वाचे चार थेंब, आणि रंग गेला. एक मुलगी हळूच "आईशप्पथ" म्हणाली. मलाही अजून तसंच होतं. इतकी वर्षं शिकवतेय, पण तो जांभळा डोळ्यांदेखत फिका पिवळा होताना अंगावर काटा येतो, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचत नाही.

पीएच.डी.ला तुमच्या हाताखाली नुकतीच लागले होते, सदाशिव पेठेतल्या खोलीवरून चालत प्रयोगशाळेत यायचे. तुम्ही हाच प्रयोग दाखवून म्हणालात, "या रेणूला एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, म्हणून तो ज्याच्यात्याच्या अंगावर धावतो. देणारा भेटला की गप्प बसतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे एवढंच. जाहिरातीतलं सोड." मी कोकम निवडलं, कारण आमच्या घरी पित्तापासून पायाच्या भेगांपर्यंत सगळ्यावर तेच. आकडे मात्र असे भिकार आले की साधा चहा बरा. मी रडकुंडीला आले. तुम्ही नळी उजेडाला धरलीत. "कोकमाचा स्वतःचा रंग कुठला गं?" लाल, मी म्हटलं. "मग यंत्राला काय कळतंय, उरलेला जांभळा किती आणि तुझा लाल किती? नुसत्या कोकमाची नळी वेगळी मोज आणि वजा कर." वजा केलं, आणि कोकम असं काही वर आलं की मी बघतच राहिले. एवढंसं काळं, सुरकुतलेलं आमसूल, आणि त्याच्यात हे बळ! मी हवेत होते. तुम्ही म्हणालात, "छान. आता परत कर."

मग तुमचं ते दुखणं निघालं. कर्करोग यकृतात पसरलेला, डॉक्टरांनी हात टेकलेले. मी रोज संध्याकाळी नारायण पेठेत तुमच्याकडे आमसुलाचं सार घेऊन यायचे. तुम्ही डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसलेल्या. "हे कशासाठी?" तुम्ही विचारलंत, आणि मी आपली माझे आकडे सांगायला लागले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "परीक्षानळीला पोट असतं का? यकृत असतं का? माझं तर आहे तेही बिघडलेलं. नळीत घडलं ते नळीत घडलं. सार म्हणून आणलं असशील तर पिते, औषध म्हणून आणलं असशील तर परत ने."

"सार म्हणूनच आणलंय, बाई."

"मग मीठ कमी आहे."

मरण दारात उभं, आणि ही बाई स्वतःच्या जिवासाठीसुद्धा निष्कर्ष तसूभर पुढे ढकलू देत नाही. मी थक्क झाले होते. रागही आला होता. थोडं खोटं मानून घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं?

डॉक्टर म्हणाले होते, दिवाळी काही दिसणार नाही. तुम्हाला दिवाळी दिसली. माझ्या आईच्या चकल्यांना तुम्ही नावं ठेवलीत, आणि गेलात त्या होळी झाल्यावर. तोवर मी सार आणत राहिले, तुम्ही पीत राहिलात, आणि औषध हा शब्द आपल्यात पुन्हा निघाला नाही.

आज मुलींना बजावलं, नळीतला निकाल माणसाला लावायचा नाही. कुणाच्या प्रबंधात तसं वाक्य दिसलं तर मी ते खोडते, आणि अगदी मनापासून खोडते. पण बाई, दिवाळी ते होळी हे दिवस तुम्हाला कोकमाने दिले असं मला वाटतं. पुरावा नाही. तुलनेला दुसऱ्या तुम्ही नव्हतात. म्हणूनच, पाठवायची सोय असती तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. तुम्ही ते वाक्य खोडून परत धाडलं असतंत, आणि तेवढं एक वाक्य मला राहू द्यायचंय.