भिक्याला रडू दे

आये, तुळसाचा पाया पडून नमस्कार. मी बरी हाय, जेवण पोटभर मिळतं.

महिपतदादाने लिहिलंन, माझा भिक्या आता रडत नाय, दिवसभर निजून असतो. तू त्याला अफूची गोळी देतेस. खोटं बोलू नको. मासळी घेऊन बाजाराला जायचं, म्हणून पोराला निजवून ठेवतेस ना?

परवा इस्पितळात एक पोर आणलं, असंच गप निजलेलं. नर्सबाईंनी पापणी उचलून दाखवलंन, डोळ्यातली बाहुली राईच्या दाण्याएवढी, अफूची खूण ती. ते उठलं नाय. माझी पहिली पोरगी अशीच गेली, आणि आपण म्हणालो दृष्ट लागली.

मी इथे दाईचं शिकतेय. सर्टिफिकेट घेऊन लोकांची पोरं हातात घ्यायची, आणि माझंच घरात मारायचं?

गोळ्यांची डबी समुद्रात टाक. बाजाराला जाताना पोराला शेजारच्या काशीकाकीकडे ठेव. ती कुरकुरली तर कुरकुरू दे. तुझा गुडघा कसा हाय?

दादाला लगेच लिहायला सांग. भिक्या रडून घर डोक्यावर घेतो, असं वाचलं की मग मी निजेन.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
तुळसा