मोझलीची जागा

३ जून
आलो एकदाचे मिसिसिपीत! उकाड्याने जीव नकोसा होतो, पण नोकरी सरकारी आहे: तुरुंगात कैद्यांना केस कापायला शिकवायचं. माझ्या बायकोने, रेनिटाने नव्या घरात शिरल्या शिरल्या मासे तळले. "वस्ताऱ्याने नशीब काढलं रे तुझं!" म्हणाली. फाटकावरचा शिपाई हॉलिस गोरा आहे, पण दिलदार. "या पेटवे साहेब," म्हणत कॉफी पाजली.

५ जून
गावात आम्ही काळे औषधापुरते, आत मात्र जिकडे पाहावं तिकडे आम्हीच. तुरुंगाच्या शेतात उन्हात भेंडी तोडणारे कैदी वाकलेले, पांढऱ्या कपड्यांतले. वर घोड्यावर बंदूकवाला. माझ्या वर्गातला म्हातारा क्लेमन चिमूटभर गांजापायी जन्मठेप भोगतोय. त्याच्याबरोबर पकडलेला गोरा जोडीदार केव्हाच सुटला. हे त्याने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

११ जून
माझ्याकडे शिकणारा कैदी मोझली आज वर्गात नाही. शेतात ऊन लागून पडला म्हणे. दवाखान्यातही नाही. क्लेमन कुजबुजला, "मास्तर, विचारू नका. मेला तो. कागदावर अजून जिवंत आहे." हॉलिसला विचारलं, तर म्हणाला, "कोण मोझली? मला तर तुम्ही सगळे सारखेच दिसता."

१४ जून
राजधानीतून तपासणी येणार आहे. मी तुरुंगाच्या कॅप्टनला स्पष्ट सांगितलं, मोझलीचं तपासणीवाल्यांच्या कानावर घालणार. तो नुसता हसला.

१५ जून
झडतीचा भोंगा वाजला. सगळे कैदी जमिनीवर पालथे. मी उभा राहून ओळखपत्र दाखवलं. हॉलिसने ते हिसकावलं. "कुठून चोरलंस रे?"

१६
डोकं भादरलं. पांढरे कपडे. छातीवर मोझलीचं नाव. ओरडून घसा बसला. हॉलिस समोरून गेला— मला ओळखलंच नाही. सोंग नव्हतं ते. खरंच—
कागद-पेन्सिल क्लेमनची.

१७?
फाटकापाशी रेनिटाचा आवाज. नवरा काम सोडून पळाला, असं तिला सांगितलं. "न सांगता जाणारा नाही तो!" ती ओरडत होती. मी गज हलवले, हाका— मग तिचा आवाज लांब—

तपासणी आली. सगळे उन्हात उभे. "मोझली!" मी ओरडलो, मी मोझली नाही. साहेब हसले. "इथे प्रत्येक जण हेच म्हणतो." हजेरी पुरी होईपर्यंत कुणालाच पाणी नाही. क्लेमन कोसळला.

साहेब जेवायला गेलेत. परतले की पुन्हा उभं करणार. क्लेमनचे ओठ फाटलेत. "पोरा, म्हणून टाक हजर. मरतोय रे मी." आणि रेनिटा? मी हजर म्हटलं तर तिचा नवरा—

भोंगा. पुकारतायत. क्लेमनला उठता येत नाही— माझ्याकडे बघतोय—

मी ह—