दोन उशा

सातारा,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

रहिमतबी चाचींस,

स्वप्नालीचा सलाम. याकूबचाचांनाही सांगा. मी इकडे बरी आहे. थंडी फार आहे, पण खोलीत ऊन येतं. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या फोनवर म्हणालात की आता दुकानाचा जिना चढवत नाही. चढू नका. शेक सोडू नका.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुम्ही मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलात, हे तुम्हीच मला कितीतरी वेळा सांगितलं आहे. तेव्हा हे पत्र मतीनकडून वाचून घेऊ नका. चाचा दुकानात गेले की स्वतः वाचा, सावकाश. मग त्यांना द्या. फोनवर सांगायचा मी तीन वेळा प्रयत्न केला. तुम्ही ‘जेवलीस का बेटी’ विचारता आणि माझं पुढचं सगळं राहून जातं.

गेल्या ईदला एसटीतून पाठवलेला शिरखुर्म्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे. धुऊन ठेवला आहे. अर्फा गेल्यापासून तीन वर्षं तुम्ही न चुकता पाठवता आणि मी घेते. तो घ्यायचा मला हक्क नव्हता. का, ते पुढे लिहिते. आधी जे तातडीचं आहे ते.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. माणसाच्या छातीला तारा लावायच्या आणि हृदयाचा आलेख काढायचा. त्याआधी एक कागद भरून घ्यावा लागतो. त्यात एक प्रश्न आहे : घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? हा प्रश्न मी पाच महिने लोकांना विचारत होते. गेल्या महिन्यात दोघे सख्खे भाऊ आले. थोरल्याला दोष निघाला म्हणून डॉक्टरांनी धाकट्यालाही बोलावलं होतं. हा आजार एका रक्ताच्या माणसांत असू शकतो, म्हणून सगळ्यांना तपासायचं, असं ते मला समजावत होते. मी मान हलवत होते आणि मला अर्फाच्या पाठचा मतीन दिसत होता.

त्याच आठवड्यात मतीनचा फोन आला. भरतीसाठी सोळाशे मीटरची वेळ किती आली ते सांगत होता. मग हसत म्हणाला, “शेवटच्या फेरीला डोळ्यांपुढं अंधारीच आली बघ दीदी. अम्मीला बोलू नको, उगं रडत बसंल.”

चाची, अर्फा अगदी हेच बोलली होती. जवळजवळ याच शब्दांत.

मयतीला आलेला प्रत्येकजण म्हणत होता की तिला कधी साधा ताप नव्हता, हे झालं कसं. तुम्ही माझा हात धरून तेच विचारत होता. मी काही बोलले नाही. तिला त्रास होता. मला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत ती कॉलेजच्या जिन्यावर चक्कर येऊन बसली. मग एकदा मेसच्या रांगेत. मीच तिला सांगलीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, हृदयाचा आवाज बरोबर येत नाही म्हणाले, आणि चिठ्ठी दिली : मिरजेला जाऊन तपासणी करा, सोबत आईवडिलांना आणा, तोवर पळापळ नको. खोलीवर आल्यावर ती माझ्या पेटीपाशी गेली. सांगलीला निघताना आईनं मला बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी दिली होती, ती तिनं काढली, माझा उजवा हात उघडला आणि त्यावर भंडारा ओतला. घरी सांगणार नाही अशी शपथ घे म्हणाली. मी म्हटलं, हे काय आणि भलतंच, तुझा-माझा देव एक तरी आहे का.

“म्हणूनच तुझ्या देवाची,” ती म्हणाली. “माझ्याकडची घेतलीस तर तुला लागायची नाही. दोन दिवसांत अम्मीला सांगून मोकळी होशील तू.”

ती हसत होती. मी घेतली. आमच्यात भंडारा उचलला की माणूस बोलत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दादा-आई मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरले की वर्षातले चार-पाच महिने मी तुमच्याच घरी असायची. माझं काय माहीत नव्हतं तिला?

तिचा बेत साधा होता. दोन महिन्यांनी परीक्षा संपली की आम्ही दोघीच मिरजेला जायचं. परीक्षा संपायला एक पेपर उरला होता.

आता ते लिहिते, जे मी तीन वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

भंडाऱ्यानं माझं तोंड बांधलं, असं मी धरून चालले होते. ते खरं नाही. शपथ उतरवता येते. आजी सांगायची, देवापुढं जायचं, भंडारा परत ठेवायचा, खरं बोलायचं आणि निघायचं. ही वाट मला तेव्हाही माहीत होती. कुठल्याही रविवारी वस्तीवर जाऊन दुपारपर्यंत मी तुमच्या दारात आले असते. आले नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मला सांगलीला सोडताना दादा म्हणाले होते, “अर्फी हाय तवर तू हाय हितं. ती घरला आली की तूबी यायचं.” तिचं दुखणं तुम्हाला कळतं तर चाचा तिला त्याच दिवशी घेऊन गेले असते, आणि दुसऱ्या दिवशी दादा मला. तीही तेच म्हणाली होती. म्हणजे तिनं माझाही विचार केला होता. मी मात्र फक्त माझा केला.

शेवटच्या पेपराच्या आदल्या शनिवारी आम्ही घरी यायला निघालो. सांगलीच्या स्टँडवर गर्दी होती. मी पुढं पळाले, खिडकीतून दोन रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि वळून ओरडले, “पळ की अर्फे, गाडी सुटंल.” ती पळाली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. रुमाल गाडीबरोबर आटपाडीला गेले.

अजून एक आहे. आम्हाला सांगलीला पाठवताना चाचांनी आपल्या गादीच्या दुकानात दोन उशा भरल्या होत्या. एकाच निळ्या चौकड्याच्या कापडाच्या, एकाच कापसाच्या. एका पोरीची मऊ आणि एकीची कडक असं नको म्हणाले. शेवटी शेवटी अर्फाला सपाट पडलं की धाप लागायची. ती दोन्ही उशा घ्यायची आणि मी हातावर डोकं ठेवायची. डॉक्टरांची चिठ्ठी तिनं स्वतःच्या उशीत ठेवली होती, एका बाजूची शिवण उसवून आणि परत घालून. टाका चाचांसारखाच होता, ओळखू येत नव्हता. तिचं सामान न्यायला मतीन आला तेव्हा मी घाबरले. चिठ्ठी काढायला वेळ नव्हता. मी माझी उशी दिली.

तुम्ही जी डोक्याखाली घेता, जिला तिचा वास येतो म्हणून तीन वर्षं अभ्रा धुतलेला नाही, ती माझी आहे, चाची. अभ्र्याच्या आत, खोळीच्या कोपऱ्यावर शाईचा डाग आहे बघा. तो माझ्या पेनाचा. तीही तिच्या डोक्याखाली असायची, म्हणून अगदीच खोटी नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पण तुम्हाला न विचारता मी हे ठरवायला नको होतं.

गेल्या रविवारी वस्तीवर जाऊन मी दादांना आणि आईला सगळं सांगितलं. दादा मेंढीचा खूर साफ करत बसले होते. ऐकून घेतलं. हातातला खूर पुरा केला, मेंढी सोडली. मग म्हणाले, “अट म्या घातली व्हती. ते बी लिव्ह त्यास्नी.” म्हणून लिहिलं. पण ते त्यांचं म्हणणं आहे. माझं मी वर लिहिलं आहे. मग ते माझ्याबरोबर बिरोबाला आले. मी भंडारा ठेवला आणि मोठ्यानं खरं बोलले.

तिथून तुमचं घर आठ किलोमीटर. मी आले नाही. समोर आले तर मी रडेन, तुम्ही जवळ घ्याल, आणि मतीनचं राहून जाईल. ते राहता कामा नये.

तर आता ऐका. मतीनला मी फोन करून सांगितलं आहे की मी येईपर्यंत पळायचं नाही, गोळाफेकीचाच सराव करायचा. का, म्हणून त्यानं विचारलं. आल्यावर सांगते म्हटलं. शपथ घातली नाही. मी येईपर्यंत थांबतो म्हणाला, पुढं नाही. तुम्हीही लक्ष ठेवा. पहाटे त्याचे बूट कपाटात टाकून किल्ली कमरेला लावा, चिडला तर चिडू दे.

सोमवारी २० तारखेला मिरजेच्या दवाखान्यात मी नंबर लावला आहे. मतीनचा, आणि तुमचा व चाचांचाही. यंत्रानं छातीवरून बघतात, सुई नाही, दुखत नाही. इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आहे. मी आदल्या दिवशी, रविवारी, दुपारच्या गाडीनं येते. काही निघालं नाही तर त्याच्या भरतीच्या दिवशी मैदानाच्या कडेला मी पाण्याची बाटली घेऊन उभी राहीन. निघालं तर तो पळणार नाही. रुसेल, माझ्याशी बोलणार नाही. चालेल. औषध घेऊन घरात असेल.

चाचा म्हणाले की तिनं आमच्या उंबऱ्याला पाय लावू नये, तर मी बाहेर दुकानाच्या पायरीवर बसेन. पण सोमवारी सकाळी सातच्या गाडीला तुम्हा तिघांना बसवल्याशिवाय मी आटपाडीतून हलणार नाही. जागा यावेळी आधीच आरक्षित केल्या आहेत. कुणाला पळावं लागणार नाही.

अर्फाची उशी बरोबर आणते. शिवण मी उसवलेली नाही. चिठ्ठी अजून आत आहे, हाताला लागते. मिरजेच्या डॉक्टरांना ती लागेल. ती शिवण चाचांनी उसवावी, दुसऱ्या कुणी नाही.

माझी उशी मला परत द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

रविवारी येतेच आहे,
स्वप्नाली हरिबा पुकळे