कॅम्पातलं पाणी

११ जानेवारी १९७३
मोठ्या बाईंनी एकदाची परवानगी दिली. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसलं की त्यांना सगळीकडं सापच दिसतात. "दुष्काळात कसला कॅम्प? एखादी कड्यावरून पडली तर तिच्या बापाला तोंड कोण दाखवणार?" मी म्हटलं, मी दाखवीन. नववीतल्या मुली, वर्षा-दोन वर्षांत लग्न होऊन जातील. एकदा तरी डोंगर चढू द्या त्यांना. शेवटी ठरलं ते असं: दोर दुहेरी, प्रत्येकीची गाठ मी स्वतः तपासायची, औषधाची पेटी, तंबूंना पहारा, पहाऱ्याला लाठ्या. लाठी तर वर्षभर शिकवतेच आहे. पाण्याचा टँकर तहसीलमधून मंजूर. काही राहिलंय असं वाटत नाही.

१८ जाने.
भूमच्या अलीकडं डोंगरात तंबू पडले. खाली वाडी. विहीर कोरडी, तळाला नुसता गाळ.
कड्यावरून सुमन पहिली उतरली. तिचे वडील ढोकीला कारखान्यात फिटर, पोरीत त्यांचाच थंडपणा. मधेच थांबली, पाय खडकाला टेकवले आणि हसत सुटली. मंगल वर रडत बसलेली. सोसायटीच्या चेअरमनची लेक, घरात पाय खाली ठेवू देत नाहीत. सुमननं खालून हाका मारमारून तिला उतरवलं. एकीचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही. मोठ्या बाई असायला हव्या होत्या.
उन्हं कलताना टँकर आला. वाडीच्या बाया दुष्काळी कामावरून परतत होत्या, रस्त्याची खडी फोडायचं काम. रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या राहिल्या. ड्रायव्हर म्हणाला, "हुकूम कॅम्पाचा हाय, वाडीचा न्हाय." मी मुलींना बादल्या भरायला लावलं.

१९ जाने.
सकाळी त्यांच्यातली एक वर आली. कोंडाबाई. कडेवर लेकरू, त्याचे ओठ फुटलेले.
"बाई, दोनच घागरी."
मला द्यायच्या होत्या. पण हिला दिल्या की सगळी वाडी येणार, आणि मुलींना प्यायला काय? तहसीलकडं मागा म्हटलं. तेवढ्यात तंबूमागं कुणीतरी केस धुतलेलं पाणी फेकलं. कोंडाबाईनं ते जमिनीत जिरेपर्यंत पाहिलं.
"पोरींच्या खेळाला पानी हाय. आमच्या लेकरांला न्हाय."
गेली. मुलींना खूप रागावले. अंघोळी बंद.

२० जाने.
जमेल तेवढं लिहिते.
दुपारी टँकर चढणीला लागला आणि वाडीनं अडवला. ड्रायव्हरला ओढून खाली पाडलं, लाथांनी तुडवलं. एकानं मागची तोटी कुऱ्हाडीनं उडवली. पाणी धो धो रस्त्यावर. माणसं त्या पाण्यावर नि एकमेकांवर पडली. घागरी एकमेकींच्या डोक्यात घालत होत्या बाया. एक म्हातारी चिखलात पालथी, तिच्या पाठीवर पाय देऊन बाकीच्या पुढं. ती तशीच, तोंड चिखलात, पाणी ओढत होती.
ड्रायव्हरच्या तोंडातून रक्त. त्याला मारूनच टाकतील असं वाटलं. मी शिट्टी फुंकली. मुली लाठ्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, मैदानावर राहतात तशा. त्यांना घेऊन खाली उतरले. तंबूतच ठेवायला हवं होतं का, ते आज ठरवत नाही.
"मागं व्हा!" ओरडले. खडीच्या ढिगावरून दगड यायला लागले. कोंडाबाईनं एक उचलला. मला तिचा चेहरा स्वच्छ दिसला. दगड सुमनच्या डाव्या डोळ्यावर बसला. सुमन ओरडली नाही. खाली बसली, तोंड हातांनी झाकून. बोटांतून रक्त, आणि रक्ताबरोबर
नको.
मंगल रांग सोडून धावली. पहिला फटका कोंडाबाईच्या उजव्या मनगटावर. एवढ्या कालव्यात हाड मोडलेलं ऐकू आलं. बाई पडली. मंगल मारतच राहिली, त्याच हातावर, पुन्हा पुन्हा. कमरेला धरून ओढलं तर मलाही कोपर मारलं. कुऱ्हाडवाला आमच्याकडं वळला. मी त्याच्या गुडघ्यावर लाठी घातली, अंगात होतं तेवढ्या जोरानं. तो कोसळला. बरं वाटलं.
पाणी संपलं तशी मारामारी थांबली. लोक सांडलेल्या घागरी शोधायला लागले.

२२ जाने., सोलापूर
डोळा काढावा लागला. सुमनचे वडील ढोकीहून थेट इथं आले, कामाच्या कपड्यांत.
"जय भीम, बाई. दोर तुटला का?"
"नाही. दगड लागला."
"कुनी मारला?"
"वाडीतल्या बाईनं. पाण्यावरून."
ते भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "ती सुटली तर म्या तिला सोडनार न्हाय."

२५ जाने.
लाठ्या कुलपात. दोर पण. मोठ्या बाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "कड्याची काळजी घेतलीत, सापाची घेतलीत. खालच्या वाडीचा विचार मलाही सुचला नाही, तुम्हालाही नाही."
पहिल्याच दिवशी अर्धा टँकर त्यांना दिला असता तर
चेअरमन शाळेत आले होते. फौजदार जबाब घेणार आहेत. "बाई, तुमी एवढंच सांगायचं. त्या बाईनं दगड मारला, पळताना पडली, हात मोडला. माझ्या पोरीनं कुनाला हात लावला न्हाय. सोयरीक जमलीय तिची." मोठ्या बाई खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. मंगल व्हरांड्यात, पाठमोरी.

३० जाने.
सुमनकडं गेले. डोक्याला पट्ट्या, आवाज नेहमीचाच.
"बाई, मंगलनं तिला लई मारलं का?"
"हो."
"मेली?"
"नाही. हात मोडला."
"कंचा?"
"उजवा."
"बरं झालं," म्हणाली. मग, "खडी कशी फोडंल मग ती?"
निघताना विचारलं तिनं, एका डोळ्यानं दोरावरून उतरता येतं का. हो म्हटलं. तिचे वडील उठून बाहेर गेले.

५ फेब्रुवारी
ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.
आत कोंडाबाईला समोर उभं केलं. हात गळ्यात बांधलेला, बोटं काळीनिळी. फौजदारांनी विचारलं, "हीच का?" मी बोलायच्या आधी तीच बोलली.
"म्याच मारला. तुमच्या पोरीला न्हाय मारायचा व्हता बाई, तुमाला मारायचा व्हता."
फौजदार म्हणाले, "झालं. कबूल आहे. सही करा बाई, मोकळ्या व्हा."
मी म्हटलं, हिचा हात कसा मोडला तेही लिहा.
"पडून मोडला."
"लाठीनं मोडला. लाठ्या मीच दिल्या होत्या. कुऱ्हाडवाल्याचा गुडघा मी फोडला, तेही लिहा."
"आणि हात? कुणाची लाठी?"
दारात चेअरमन उभे होते. मला नाव घेता आलं नाही. पंधरा वर्षांची पोर. फौजदारांनी टाक खाली ठेवला. "बाहेर बसा. विचार करा. मग बोलावतो."
चेअरमन मंगललाही घेऊन आलेत. आत्ता ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. वडील बघतायत, तरी. हळू म्हणाली, "बाई, तुम्ही ओढलं नसतं तर मी थांबणार नव्हते."
मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत होती, शिट्टीची वाट बघताना पाहते तशी.
आतून हाक मारतायत.