सुटीचा भोंगा

कोराडी वसाहत
दि. २७ जानेवारी २०२५

चि. काजल हिस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम. तुझी खुशाली लिहीत जावी.

वाडीच्या गोदामात तीन रविवार यंत्रसंगीताचा महोत्सव आहे व त्यात तू ‘हजेरी’ हा आपला अल्बम वाजविणार आहेस, हे वाचले. मागितलेली कॅसेट पाठवीत आहे. कापडगिरणीच्या भोंग्याची साखळी बत्तीस वर्षे माझ्या हाती होती. कॅसेटवर फक्त हजेरीचा भोंगा आहे, सुटीचा नाही. गिरणी भर पाळीत बंद झाली, वाफ तोडली गेली. त्या पाळीला सुटीचा भोंगा मला देता आला नाही.

गिरणीने माझे कान नेले आहेत. सबब फोन करू नये, लिहावे. भोंग्याची चेष्टा होऊ देऊ नये.

आशीर्वादक,
रुपराव

वाडी
३ फेब्रुवारी

ती. आजोबांस काजलचा शि. सा. न.

काल तुमच्या भोंग्याचा लूप केला आणि खाली बेस सोडला. पोरं नाचून राहिली होती. तेवढ्यात बारा म्हातारे रांगेत आत आले, हातात डबे. मले वाटलं, आजोबा वरून कडक, पण नातीसाठी दोस्त पाठवले. ते मागच्या भिंतीशी उभे राहिले. आज दुपारी वायरी गुंडाळायले गेली, तर तिथंच उभे. चौकीदार म्हणे की कुलूप आत्ताच उघडलं, आत कोणीच नाही. त्यांच्या भुवयांवर कापूस आहे, आणि गोदाम तर सिमेंटचं. एकाच्या डाव्या हाताले दोन बोटं नाहीत. त्यानं विचारलं की पोरी, सुटी काहून होऊन नाही राहिली. आजोबा, मले भेव लागते. कोण आहेत हे?

तुमची,
काजल

कोराडी
६ फेब्रुवारी

चि. काजल हिस आशीर्वाद.

दोन बोटे नसलेला तो नत्थू, आमच्या खात्यातील जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. अकरा वर्षांपूर्वी त्याला मीच खांदा दिला. भिऊ नकोस, ते कामावर आहेत. हजेरीच्या भोंग्यावर आत आलेला माणूस सुटीच्या भोंग्याशिवाय बाहेर पडत नाही, ही आमची शिस्त. शेवटच्या दिवशी त्यांना ढकलून बाहेर काढले आणि माझा हात साखळीवरच राहिला. चूक तुझी नाही. राहिलेले काम माझे आहे.

तुझ्या यंत्रात सुटीचा भोंगा तयार कर. हजेरीचा चढत जातो. सुटीचा उंचावरून उतरतो, सावकाश चाळीस आकडे मोजेपर्यंत. मध्ये तुटता कामा नये. त्याखाली ढोलबिल नको. मी येणार नाही. गुडघे चालत नाहीत, आणि तिकीट काढून भोंगा ऐकण्याची मला सवय नाही.

लोभ आहेच, शिस्तही असावी.
रुपराव

वाडी
१० फेब्रुवारी

ती. आजोबांस शि. सा. न.

काल पाच वाजता वाजवला. हजेरीचा भोंगा उलटा करून ताणला, सिंथेसायझरवर बांधला. नाचणारे आपोआप थांबले. अकरा जण रांगेनं बाहेर गेले. एकानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. नत्थूबाबा मात्र दारातच थांबले आणि नाही म्हणून मान हलवली. मग विचारलं की कोराडीची बस कुठून भेटते. मी सांगून टाकलं. आता वाटते, सांगायले नको होतं. आले काय ते? या रविवारी शेवटचा कार्यक्रम. भोंगा वाजवू की नको?

तुमची,
काजल

कोराडी
१३ फेब्रुवारी

चि. काजल हिस उदंड आशीर्वाद.

नत्थू पोहोचला. दाराशी उभा आहे. तुझ्या आईला तो दिसत नाही. ती त्याच्यातून अंगण झाडते.

रविवारी पाच वाजता मी खाटेवर होतो. घरातली हाक न ऐकणाऱ्या या कानांनी वाडीचा भोंगा ऐकला. उतार उत्तम साधला आहेस. परंतु तो सदतीसलाच संपला. बाकीचे घरी जायच्या घाईचे. नत्थू जॉबर आहे, कमी पडलेले तीन आकडे त्याने पकडले.

मी त्याला आत बसण्यास सांगितले. त्याचे म्हणणे, सुटीपूर्वी बसत नाहीत. आणि साखळी ओढणाऱ्यालाही एकदा सुटी असते. बत्तीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

रविवारी पूर्ण चाळीस वाजव. मध्ये थांबू नकोस. गिरणीतला खाकी कोट धुऊन ठेवला आहे. डबा नत्थूने दोघांचा आणला आहे.

लोभ असावा. उत्तर आईच्या नावे पाठवावे.
रुपराव