एसी चालू झाला त्या दिवशी

प्रिय अक्का,

आबांच्या गाडीचा एसी परवा एकदाचा चालू झाला. एरवी ही बातमी मी तुला फोन करून ओरडूनच सांगितली असती. पण मी अजून सावरलेलो नाही. शिवाय घरात तुझा फोन लागला की आबा खुर्ची ओढून शेजारी बसतात. म्हणून हे पत्र. वनामामा उद्या धुळ्याला येतायत, त्यांच्या हातीच देतो.

गेल्या वैशाखात आखाजीच्या सणाला आबा तुला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून आले होते, तेव्हा धुळ्यापासून धरणगावापर्यंत चारही काचा उघड्या होत्या. उंबऱ्यात पाय ठेवताच तू म्हणालीस, पोरगी भरताच्या वांग्यासारखी भाजून निघाली. आबा नुसते हसले. चौदा वर्षांची गाडी, तिच्या एसीत आता जीव राहिला नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी त्यांना तोंडावर चिक्कू म्हणायचो. यंदा मात्र मी हट्टालाच पेटलो, आखाजीच्या आत एसी दुरुस्त करायचाच. आबा नको नको म्हणत राहिले, मी चावी उचलली आणि गाडी जळगावला धनसिंग मिस्त्रींकडे नेली. आबाही तोंड फुगवून शेजारी बसले.

मिस्त्रींनी आधी गॅस मोजला, तो पुरेसा होता. बॉनेटखालच्या जाळीत कापूस गच्च बसला होता, जिनिंगच्या रस्त्याने फिरणारी गाडी ती, दुसरं काय निघणार. जाळी धुतली तरी हवा गरमच. मग त्यांनी कॉम्प्रेसरला बॅटरीवरून थेट वायर लावली आणि टक् असा आवाज झाला. दोन मिनिटांत थंडगार. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं, त्याला करंटच पोचत नव्हता. फ्यूजचा डबा उघडला, तर ज्या अंगठ्याएवढ्या काळ्या डबीतून एसीला करंट जातो त्या रिलेची जागा रिकामी. जळालेला नाही, तुटलेला नाही, तिथे रिलेच नाही. मिस्त्री म्हणाले, "कुंदनभाऊ, हाई कोनी तरी जानीसन काढेल शे." मी चोराच्या नावाने बोटं मोडत बसलो. आबा चहाच्या टपरीकडे निघून गेले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मला नवा रिले बसवायची घाई.

येताना आबांनी स्टिअरिंग मागितलं. एस.टी.त अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, एकही अपघात नाही, त्याला मी कशाला नाही म्हणू. ते सारखी काच खाली करत होते आणि मी प्रत्येक वेळी वर करायला लावत होतो, थंडावा बाहेर जातो म्हणून. पाळधीहून धरणगावाकडे वळल्यावर पुढे ट्रॅक्टर आला. त्याला ओलांडायला आबांनी गाडी उजवीकडे घेतली, आणि अक्का, आबांच्या दाराला लागूनच एक मोटरसायकल होती. मागे बाई, तिच्या मांडीवर तान्हं पोर. तो हॉर्न वाजवत असणार, पण बंद काचांत आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. मी स्टिअरिंग ओढलं. मोटरसायकल रस्त्याखाली उतरली, हेलपाटली, पण पडली नाही. त्या माणसाने आम्हाला आईवरून शिव्या दिल्या आणि मी नुसते हात जोडले.

आबांनी पुढे लिंबाखाली गाडी थांबवली. समोर बघतच म्हणाले, "उजवा डोयाले काहीच दिखत नही, दोन वरीस व्हयनात. काच उघडी ऱ्हायनी म्हंजे मांगथीन येनारी गाडी आयकू येस."

काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तो कागद त्यांनी फाडून टाकला आणि घरी येऊन रिले काढून फेकला, म्हणजे काचा लावा असं कुणी म्हणायलाच नको. आईलासुद्धा पत्ता नाही. मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. दोन वर्षं म्हणजे गेली आखाजी त्यात आली. लेकीला मांडीवर घेऊन तू मागच्या सीटवर झोपली होतीस, आणि आबा पारोळ्याच्या रस्त्याने कानावर गाडी चालवत होते. मला भयंकर राग आला, आणि त्या रागातच मी रडलो. कारण त्यांचा तेवढा एक आधार मीच हौसेने बंद केला होता.

तिथून पुढे गाडी मी चालवली. घर येईपर्यंत आबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं, की एवढ्या आखाजीला तुला आणायला तेच गाडी घेऊन येतील, मग चावी माझी, आणि तुला यातलं काही कळता कामा नये. त्यांचा चेहरा बघून मी हो म्हणालो. माझ्यासारखा भित्रा मीच. शनिवारी ते तुला फोन करतील, मुऱ्हाळी कधी येऊ म्हणून विचारतील. अक्का, तू नाही म्हण. गाडी कुंदन चालवणार असेल तरच येईन, नाहीतर यंदाची आखाजी सासरीच करीन, असं स्पष्ट सांग. मी फितूर झालो हे त्यांना लगेच कळेल आणि ते महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. आखाजीला न्यायला येणाऱ्या बापाला लेकीने नाही म्हणू नये, त्यांचं मन मोडेल, हे मला कळतं. मोडू दे. त्यांना नाही म्हणायची माझी छाती होत नाही, आणि तुझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत.

तुझाच,
कुंदन