जेवणाच्या टेबलावरचं स्टेशन

आई, आज तुझ्या स्टेशनावरची धूळ काढली. तुझ्याच पद्धतीनं, मेकअपच्या जुन्या ब्रशनं, आणि नाकातोंडाला ओढणी बांधून. एकदा मला शिंक आली होती आणि प्लॅटफॉर्मवरची बाई बाकासकट उडून वरणाच्या पातेल्यात पडली होती, आठवतं? तेव्हा तू जी ओरडलीस! "माय व, अख्खं गाव बुडवलंस की गं!" तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ब्रश हातात घेतला की मी श्वास रोखूनच धरते. माझी लेक लांबून बघते आणि म्हणते, "मम्मा, मतलब, एवढं काय घाबरायचं?" तिला काय सांगणार, कप्पाळ!

जयपूरला आपण आलो तेव्हा बाबांचं विम्याचं ऑफिस लांब झालाना भागात, माझं कॉलेज, आणि तू क्वार्टरमध्ये एकटी. शेजारणी चांगल्या होत्या, पण दिवसभर हिंदी बोलून जबडा दुखतो म्हणायचीस. एका दुपारी मी घरी येते तर गच्चीवर वर्तमानपत्रावर चहाचा चोथा वाळत पडलाय. मला वाटलं, गुलाबाला खत. छे! ती तुझ्या स्टेशनाची माती होती. मग बाबांच्या बुटांच्या खोक्याचं तिकीटघर झालं. समोरच्या काकांचा विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत पत्र्याचा कारखाना, त्यांच्याकडून छपरासाठी पत्र्याची कात्रणं आली. सायकलच्या तारांचे रूळ, आगकाड्यांचे स्लीपर, भांड्यांच्या हिरव्या घासणीचा कडुलिंब. शिंप्याकडून बगरूच्या छापील कापडाच्या चिंध्या आणून तू बोटभर बायकांना लुगडी नेसवलीस. आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर. बाबा ताट मांडीवर घेऊन जेवायचे आणि म्हणायचे, "आमची बदली झाली, टेबलाची नाही झाली वाटतं."

ते तुझ्या माहेरचं स्टेशन होतं, वऱ्हाडातल्या छोट्या गाडीच्या लायनीवरचं. आजोबा तिथं स्टेशनमास्तर. तुझं लग्न झालं आणि लगेच त्यांची बदली झाली, म्हणून त्या गावी परत जायला तुला कारणच उरलं नाही, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. टेबलावर सगळं होतं, रांजण, बाक, बाहेर झोपलेलं कुत्रं, काखेत झेंडी धरून उभे असलेले आजोबा. फक्त गाडी नव्हती. विचारलं तर म्हणायचीस, "येईल नं. लेट आहे."

मला तेव्हा गाड्यांचे फोटो काढायचं वेड लागलेलं. बाबांनी घेतलेला डिजिटल कॅमेरा गळ्यात, आणि रविवारी सीकरच्या लायनीवर फाटकाशी जाऊन छोट्या रुळांवरची गाडी टिपायची. ते फोटो मी इंटरनेटवरच्या एका मंडळात टाकायची. तिथं सगळे माझ्यासारखेच येडे. कुणी इंजिनांचे फोटो टाकतंय, कुणी घरी बनवलेले डबे दाखवतंय. "कुठलं स्टेशन, ओळखा" हा तिथला आवडता खेळ. एकदा मी टेबलाला हनुवटी टेकवून, खिडकीतल्या तिरप्या उन्हात तुझ्या स्टेशनाचा फोटो काढला आणि दिला टाकून, ओळखा म्हणून. नेट तेव्हा फोनच्या तारेवरून यायचं, फोटो चढेपर्यंत तुझी कणीक मळून झाली.

आणि मग काय भांडले ते लोक! रूळ नीट दिसत नव्हते, म्हणून एकानं सांगितलं, हे सीकरच्या पुढचं. दुसरा म्हणे, साफ चूक, हे सीकरच्या अलीकडचं, त्या रांजणातलं पाणी मी स्वतः प्यायलोय. मी वाचून दाखवत होते आणि तू पिठाच्या हातांनी डोळे पुसत हसत होतीस. तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी पुढचं वाचलं, की छोटे रूळ काढून मोठी लायन टाकायच्या आधी हे स्टेशन टिपायला जयपूरचे चौघं येत्या रविवारी निघतायत, तेव्हा तुझं हसू पळालं. "अरे बाप्पा! उन्हातान्हात कायले फिरतील बिचारे? फोन कर त्याईले." "मग सांगावं लागेल ना, तू बनवलंय ते?" बाई माणूस या वयात खेळण्यातलं स्टेशन मांडून बसते, लोक काय म्हणतील, हे तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग म्हणालीस, "सांग. आणि पोहे खायला बोलाव."

चौघं आले. त्यांच्यातले थोरले म्हणजे दातांचे डॉक्टरसाहेब, जे दातांच्या प्लास्टरचे डोंगर बनवायचे. चार मोठे पुरुष आपल्या टेबलाला हनुवट्या टेकवून ओणवे झालेत, अजून दिसतं मला. डॉक्टरसाहेब बाबांना म्हणाले, "साहब, कमाल किया आपने!" बाबा म्हणाले, "मुझे मत पूछिए, मुझे तो यहाँ खाना भी नहीं मिलता." तेव्हा सगळे तुझ्याकडे वळले आणि तू पोह्यांवर उगाचच परत कोथिंबीर घातलीस. किती सुंदर दिसत होतीस गं त्या दिवशी!

पुढे काही महिन्यांनी डॉक्टरसाहेब रुमालात गुंडाळून एक इंजिन आणि एक डबा घेऊन आले. सेलवर चालणारं, तुझ्या रुळांच्या मापाचं, काळं कुळकुळीत, स्वतःच्या हातानं केलेलं. बाकीचे तिघंही कॅमेरे घेऊन हजर. तू गाडी दोन्ही हातांनी रुळावर ठेवलीस, प्लॅटफॉर्मला लावलीस आणि हात मागे घेतलास. "चलाइए भाभीजी!" तू कळ दाबेनास. मग तुझ्या त्या मोडक्या हिंदीत म्हणालीस, "यहाँ गाड़ी बस दो मिनट रुकती थी. मेरी शादी के बाद हमको लेके निकली, तो हरी झंडी मेरे बाप को ही दिखानी पड़ी. मैंने उनको ठीक से देखा भी नहीं." आणि मराठीत, कुणालाच उद्देशून नाही, "थांबू दे नं जराशी. काय घाई आहे?"

मी टेबलावरच्या आजोबांकडे बघितलं. झेंडी काखेत, गुंडाळलेली. रोज ब्रश फिरवूनही मला कधी कळलं नव्हतं. मग डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक है भाभीजी. सिग्नल नहीं मिला है." त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही. नुसते पोहे खाल्ले.

तू गेल्यावर मी ते स्टेशन जसंच्या तसं माझ्या घरी आणलं. काचेच्या पेटीत आहे. मंडळ अजून चालू आहे. या वर्षी सगळ्यांनी आपापली मॉडेलं आणायची आणि चालवून दाखवायची असं ठरलंय. मी कळवलं, आमच्या इंजिनाची मोटर जळलीय. तर डॉक्टरसाहेबांचाच निरोप आला. आता खूप थकलेत, हात कापतात, तरी लिहितात, "बेटी, भेज दो, मैं ठीक कर दूँगा." त्यांना काय उत्तर द्यावं, सुचत नाहीये. म्हणून तुला लिहायला बसले, हे पत्र पोचवायचा तर प्रश्नच नाही.

आज धूळ काढताना इंजिन हातात घेतलं, नवे सेल घातले आणि हवेतच कळ दाबली. चाकं गरागरा फिरली. लगेच बंद केलं आणि गाडी होती तिथंच, प्लॅटफॉर्मला लावून ठेवली. मोटर चांगली आहे, आई. मीच तुला सोडत नाहीये.